काचेपलीकडचे वादक

कोणत्याही देशाच्या संगीताचा इतिहास प्रामुख्याने नामवंतांच्या नावांनी लिहिला जातो. गायक कोण होता, रचना कोणाची, वाद्यवृंदाचे नेतृत्व कोणी केले, एवढे सांगितले की इतिहासकाराचे काम झाले असे समजण्याची प्रथा आहे. परंतु ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय सुरू झाल्यापासून या इतिहासात आणखी एका वर्गाची भर पडली. ठरलेल्या वेळी ध्वनिमुद्रणगृहात यावे, समोर ठेवलेला कागद वाचावा किंवा कानांनी चाल उचलावी, दोन-तीन प्रयत्नांत वादन अचूक करावे, तासांच्या हिशेबाने मोबदला घ्यावा आणि निघून जावे, हा या वर्गाचा शिरस्ता. इंग्रजी रिवाजाप्रमाणे त्यांना सेशन वादक म्हणतात. तबकडीच्या वेष्टनावर त्यांचे नाव असतेच असे नाही. पुष्कळदा ते नसतेच.

भारतातील श्रोत्यांना हा वर्ग अपरिचित नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत स्वरलेखन वाचू शकणाऱ्या गोमंतकीय वादकांनी आणि सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संगीतसंयोजकांनी कित्येक दशके हेच काम केले. त्यांची व्हायोलिने व ट्रंपेटे देशभर ऐकली गेली, नावे मात्र फार थोड्यांना ठाऊक झाली. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय मात्र मुंबईपासून दूर, जोहान्सबर्ग शहरातील आहे. तेथे विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात एका तरुण गोऱ्या रॉक वादकाने आपल्या उमेदवारीचा काळ या काचेपलीकडच्या खोलीत घालवला. त्याच्या उमेदवारीची हकीकत सांगताना त्या खोलीत त्याच्या शेजारी बसणाऱ्या, पण खोलीबाहेर त्याच्या शेजारी बसण्याची मुभा नसलेल्या वादकांची हकीकत सांगणे अपरिहार्य ठरते.

ट्रेव्हर राबिन यांचा जन्म १३ जानेवारी १९५४ रोजी जोहान्सबर्ग येथे झाला. वडील गॉडफ्रे राबिन हे शहरातील सिंफनी वाद्यवृंदाचे अग्रणी व्हायोलिनवादक होते. घरात पाश्चात्य अभिजात संगीताचे वातावरण असल्यामुळे मुलाला पियानोचे शिक्षण लहानपणीच मिळाले. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याने गिटार हाती घेतले, आणि पुढे वाद्यवृंदरचना व संचालन यांचाही अभ्यास केला. स्वरलेखन वाचणारा, गिटार, बास व कळफलकाची वाद्ये सारख्याच सहजतेने हाताळणारा आणि रॉक संगीताची विद्युत्-गिटार जाणणारा तरुण कोणत्याही ध्वनिमुद्रणगृहाला हवासा वाटणारच. विशीच्या आतच राबिन जोहान्सबर्गच्या ध्वनिमुद्रणगृहांत साथीला बसू लागले. कधी जाहिरातीचे संगीत, कधी लोकप्रिय गाणे, तर कधी स्थानिक जाझ व जाझ-फ्यूजन वादकांची साथ, असे त्या कामाचे मिश्र स्वरूप होते. एकोणिसाव्या वर्षी सक्तीची लष्करी सेवा आली, कारण त्या देशात प्रत्येक गोऱ्या तरुणाला ती चुकत नसे. ती त्यांनी सैन्याच्या मनोरंजन विभागात पार पाडली.

फ्यूजन हा शब्द येथे थोडा उलगडून सांगितला पाहिजे. १९७० साली माइल्स डेव्हिस यांची 'बिचेस ब्रू' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि जाझमधील उत्स्फूर्त विस्ताराला रॉक संगीतातील विद्युत्-वाद्यांची व ठळक लयीची जोड मिळाली. त्या ध्वनिमुद्रणात गिटार वाजवणाऱ्या जॉन मॅकलॉफलिन यांनी पुढे महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला आणि नंतर झाकिर हुसेन व एल्. शंकर यांच्यासह 'शक्ती' हा वाद्यमेळ उभा केला, ही गोष्ट भारतीय रसिकांना ठाऊक आहेच. पियानोच्या जागी विद्युत्-पियानो आला, उभ्या डबल बासची जागा बास गिटारने घेतली आणि गिटारचा स्वर सॅक्सोफोनसारखा लांबवता येऊ लागला. या नव्या मेळात रॉक वादकाला जाझच्या दालनात प्रवेश मिळाला.

दक्षिण आफ्रिकेत मात्र हे मीलन केवळ अमेरिकेतून आयात झालेले नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जोहान्सबर्गच्या दाट वस्तीच्या चाळवजा अंगणांत 'माराबी' नावाचे संगीत जन्मास आले होते. तीन-चार स्वरमेळांचे एक लहानसे आवर्तन रात्रभर फिरवीत राहावयाचे आणि त्यावर नवनव्या चालींची वेलबुट्टी काढावयाची, अशी त्याची रीत होती. त्यातूनच पुढे 'म्बकांगा' हा प्रकार विकसित झाला. हे नाव मूळचे मक्याच्या लापशीचे. रोजच्या पोटभरीच्या अन्नाचे नाव रोजच्या संगीताला मिळाले. १९६४ पासून गॅलो कंपनीच्या कृष्णवर्णीय संगीताच्या विभागात जो वादकसंच कायम साथीला असे, त्याचे नाव होते मखोना त्सोखले बँड, म्हणजे काहीही करून दाखवणारा संच. मार्क्स मंकवाने यांचे गिटार, जोसेफ मक्वेला यांची बास गिटार आणि वेस्ट न्कोसी यांचा सॅक्सोफोन यांवर माखलाथिनी व माखोटेला क्वीन्स यांची गाणी उभी राहिली. म्हणजे विद्युत्-गिटार व आवर्तनाधिष्ठित लय यांची सवय तेथील कृष्णवर्णीय वादकांना आधीपासूनच होती. जाझ-फ्यूजन आले तेव्हा त्यांना परकी वस्तू हाताळावी लागली नाही. आपल्याच अंगणातील आवर्तनाला नवी वाद्ये जोडावयाची होती.

आता या संगीताभोवती उभ्या असलेल्या कायद्याकडे वळावे लागेल, कारण त्यावाचून पुढील कोणतीही गोष्ट नीट समजणार नाही. १९४८ साली नॅशनल पक्ष सत्तेवर आला. १९५० च्या कायद्याने प्रत्येक नागरिकाची वंशानुसार नोंद झाली, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कोणी कोठे राहावयाचे हे ठरवले. १९५५ पासून जोहान्सबर्गमधील सोफियाटाउन ही जाझची वस्ती रिकामी करून जमीनदोस्त करण्यात आली. १९६६ साली केप टाउनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग गोऱ्यांसाठी राखीव असल्याचे घोषित झाले. १९६५ च्या एका घोषणापत्राने सार्वजनिक कार्यक्रमांतील मिश्र श्रोतृवर्ग व मिश्र वादकसंच यांवर परवान्याचे बंधन घातले. गोरे पियानोवादक ख्रिस मॅक्ग्रेगर आणि त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी डुडू पुक्वाना, मोंगेझी फेझा, जॉनी ड्यानी, लुईस मोहोलो व निकेले मोयाके यांचा ब्लू नोट्स हा मिश्र संच १९६४ सालीच फ्रान्समधील एका जाझ महोत्सवासाठी देश सोडून गेला होता. मोयाके लवकरच मायदेशी परतले. इतरांपैकी बहुतेकांच्या नशिबी दीर्घ अज्ञातवास आला.

रंगमंचावर जे निषिद्ध होते ते ध्वनिमुद्रणगृहात मात्र घडू शकत असे. तेथे प्रेक्षक नसत. दार बंद केले की आत कोण कोणाशेजारी बसले आहे हे तबकडीवरून ओळखता येत नाही, कारण ध्वनीला त्वचेचा रंग नसतो. या एका व्यावहारिक कारणामुळे जोहान्सबर्ग व केप टाउन येथील ध्वनिमुद्रणगृहे ही त्या देशातील अशा मोजक्या जागांपैकी होती, जेथे गोरा गिटारवादक आणि काळा सॅक्सोफोनवादक एकाच तालात, एकाच चुकीवर थांबत व पुन्हा एकाच मात्रेपासून उचलत काम करू शकत. परंतु या सवलतीला काळाची मर्यादा होती. काम संपल्यावर गोरा वादक आपल्या उपनगरात जाई. कृष्णवर्णीय वादकाला पासबुक खिशात आहे ना हे चाचपून सोवेटोची वाट धरावी लागे. रात्री उशीर झाला तर शहरात असण्याचे कारण पोलिसांना पटवून द्यावे लागे. पासचे हे कायदे १९८६ साली रद्द झाले.

नभोवाणीचे बंधन निराळ्या प्रकारचे होते. सरकारी नभोवाणीने कृष्णवर्णीयांसाठी भाषावार स्वतंत्र केंद्रे काढली होती, आणि त्या त्या केंद्रावरून त्या त्या भाषेतील, आक्षेपार्ह शब्द नसलेली गाणीच प्रसारित होत. नको असलेले गाणे वाजवले जाऊ नये म्हणून तबकडीवरील त्या गाण्याच्या खाचांवर टोकदार वस्तूने ओरखडा ओढला जाई. शब्दावर असा पहारा असताना शब्दहीन संगीताचे मोल वाढले. जाझ-फ्यूजन हे बहुतांशी वाद्यसंगीत होते. परिनिरीक्षकाला खोडण्यासारखे त्यात काही सापडत नसे, आणि ऐकणाऱ्याला मात्र त्यातून पुष्कळ काही ऐकू येत असे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'मॅनेनबर्ग'. जून १९७४ मध्ये केप टाउनच्या एका ध्वनिमुद्रणगृहात पियानोवादक डॉलर ब्रँड, ज्यांनी इस्लाम स्वीकारल्यावर अब्दुल्ला इब्राहीम हे नाव घेतले, यांनी बेझिल कुत्सिए, रॉबी यान्सेन, मॉरिस गोल्डबर्ग, पॉल मायकेल्स व माँटी वेबर यांना बरोबर घेऊन तेरा मिनिटांहून अधिक लांबीची ही रचना ध्वनिमुद्रित केली. तेथील उभ्या पियानोच्या हातोड्यांना टाचण्या लावलेल्या असल्याने त्याचा स्वर काहीसा धातूसारखा येई. तो स्वरच या रचनेची खूण ठरला. खाली माराबीचे जुने आवर्तन, त्याखाली रॉकच्या जवळ जाणारी ठाम लय, आणि वर कुत्सिए यांचा टेनर सॅक्सोफोन. केप फ्लॅट्सवरील ज्या वस्तीत विस्थापितांना नेऊन टाकले होते, तिचे नाव या रचनेला दिले गेले. पुढील काळात ती वर्णद्वेषविरोधी चळवळीचे जणू अनधिकृत गीत बनली. बेझिल कुत्सिए यांना तर लोक 'मॅनेनबर्ग' कुत्सिए या नावानेच ओळखू लागले.

ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध करणारे राशिद वल्ली हे भारतीय वंशाचे होते. जोहान्सबर्गमध्ये त्यांच्या घराण्याचे कोहिनूर नावाचे दुकान होते व तेथे जाझच्या तबकड्या विकल्या जात. मोठ्या कंपन्यांना ज्या संगीतात नफा दिसत नव्हता, त्यासाठी वल्ली यांनी 'अश्-शम्स', म्हणजे सूर्य, ही स्वतःची नाममुद्रा काढली. दुकानाबाहेर ध्वनिक्षेपक लावून त्यांनी 'मॅनेनबर्ग' रस्त्याने जाणाऱ्यांना ऐकवली, आणि तेथूनच तिची मागणी वाढत गेली. सॅक्सोफोनवादक माइक मखालेमेले, पॉप्स मोहम्मद यांचा ब्लॅक डिस्को, पियानोवादक टेटे म्बाम्बिसा यांच्या फ्यूजनच्या सीमेवरील ध्वनिमुद्रिकाही या नाममुद्रेने लोकांपुढे आणल्या. गोऱ्यांच्या कंपन्या आणि कृष्णवर्णीय वादक यांच्यामध्ये एका भारतीय दुकानदाराने उघडलेले हे दार होते, हे आपण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ज्या दोन-तीन वर्षांत हे सारे घडत होते, त्याच वर्षांत राबिन यांचे जीवन वेगळ्या दिशेने वेग घेत होते. डंकन फॉर, रॉनी रोबो व नील क्लाउड यांच्यासह त्यांचा रॅबिट हा रॉक संच 'बॉइज विल बी बॉइज' या १९७५ च्या ध्वनिमुद्रिकेने गोऱ्या तरुणाईच्या गळ्यातील ताईत झाला. त्यांच्या कार्यक्रमांना किशोरवयीन मुलींची झुंबड उडे. १६ जून १९७६ रोजी सोवेटोत शाळकरी मुलांच्या मोर्चावर गोळीबार झाला तेव्हा त्याच देशात, काही कोसांच्या अंतरावर, तारुण्याचे हे दुसरे चित्र नांदत होते. राबिन यांनी याच काळात साथीचे व संयोजनाचे काम मात्र सोडले नाही. गायिका मार्गारेट सिंगाना यांची १९७७ ची 'ट्रायबल फेन्स' ही ध्वनिमुद्रिका त्याची साक्ष देते. तिच्या शीर्षकगीताचे कर्ते रॅमसे मॅके हे फ्रीडम्स चिल्ड्रन या रॉक संचाचे सदस्य होते. राबिन यांचाही त्या संचाशी काही काळ संबंध आला होता, आणि या ध्वनिमुद्रिकेच्या निर्मितीत त्यांचा हात होता. जमातींमधील कुंपणाविषयीचे गोऱ्या रॉक कवीचे गाणे, कृष्णवर्णीय गायिकेचा कंठ आणि फ्यूजनच्या शाळेत तयार झालेल्या हाताचे संयोजन, असा तो त्रिवेणी योग होता.

येथे एका अप्रिय प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. काचेपलीकडच्या खोलीत सर्वजण समान होते असे म्हणणे आकर्षक असले, तरी ते अर्धेच खरे आहे. वाजवताना समानता होती. हिशेबाच्या वहीत ती नव्हती. याचे मूळ फार जुने आहे. १९३९ साली गॅलोच्या ध्वनिमुद्रणगृहात सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने आपल्या साथीदारांसह 'म्बुबे' हे गाणे गाइले. त्याचे हक्क त्यांनी दहा शिलिंगांना विकले, आणि त्याच कंपनीत ते साधे कामगार म्हणून राबत राहिले. १९५२ साली ते गाणे 'विमोवे' म्हणून आणि १९६१ साली 'द लायन स्लीप्स टुनाइट' म्हणून अमेरिकेत गाजले. १९६२ साली लिंडा निवर्तले, आणि त्यांच्या पत्नीला थडग्यावर दगड बसवण्याचीही ऐपत नव्हती. लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी हक्क वारसांकडे परत जावेत अशी तरतूद १९११ च्या ब्रिटिश स्वामित्वकायद्यात होती. तिचा आधार घेऊन वारसांच्या वतीने २००४ साली दावा दाखल झाला व २००६ साली तडजोड झाली. रचनाकाराची ही गत, तर साथीदाराची काय असणार? साथीदाराने वाजवलेली एखादी स्वरपंक्तीच पुष्कळदा गाण्याला कीर्ती मिळवून देते, पण तासांच्या मोबदल्यात तिचा हिशेब मिटलेला असतो. हा नियम गोऱ्या साथीदारालाही लागू होता. फरक एवढाच की, गोऱ्या साथीदारासमोर दुसरी दारे उघडी होती.

राबिन यांच्यासाठी ते दार १९७८ साली उघडले. ते लंडनला गेले, एकल ध्वनिमुद्रिका काढल्या, पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. १९८३ साली यस या इंग्लिश संचाबरोबर '९०१२५' ही ध्वनिमुद्रिका आली. तिच्यातील 'ओनर ऑफ अ लोन्ली हार्ट' हे मूलतः राबिन यांनी बेतलेले गीत जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या सूचीत अग्रस्थानी पोहोचले. एकाच वादकाने गिटार, कळफलक व गायन या तिन्ही बाजू सांभाळाव्यात, एका शैलीतून दुसरीत सहज जावे, आणि ध्वनिमुद्रणगृह हेच एक वाद्य समजून वापरावे, ही त्यांची ख्याती जोहान्सबर्गच्या उमेदवारीतून आलेली होती असे मानावयास हरकत नाही.

मागे राहिलेल्यांनीही आपले काम थांबवले नाही. स्पिरिट्स रिजॉइस या फ्यूजन संचाची 'आफ्रिकन स्पेसेस' ही ध्वनिमुद्रिका १९७७ साली आली. १९७९ साली जॉनी क्लेग व सिफो म्चुनू यांच्या जुलुका या मिश्र संचाची पहिली ध्वनिमुद्रिका 'युनिव्हर्सल मेन' मुद्रित झाली, तेव्हा साथीला बास गिटारवर सिफो गुमेडे, कळफलकावर मर्व्हिन आफ्रिका, सॅक्सोफोन व बासरीवर रॉबी यान्सेन आणि तालवाद्यांवर फ्रीडम्स चिल्ड्रनचे कॉलिन प्रॅटली होते. जाझ, फ्यूजन, रॉक व झुलू लोकसंगीत यांचे वादक पुन्हा एकदा त्याच बंद दाराआड एकत्र आले होते. फरक असा की, जुलुका हा संच दार उघडून, परवान्यांची व पोलिसांची पर्वा न करता, श्रोत्यांसमोरही उभा राहिला.

१९८५ साली पॉल सायमन जोहान्सबर्गला आले व त्यांनी रे फिरी, बाकिथी कुमालो, आयझॅक म्त्शाली आदी वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केले. त्यातून १९८६ ची 'ग्रेसलँड' घडली. वादकांना न्यूयॉर्कच्या प्रचलित दराच्या तिप्पट मोबदला मिळाला व त्यांची नावे वेष्टनावर छापली गेली. तथापि संयुक्त राष्ट्रांनी पुरस्कारलेल्या सांस्कृतिक बहिष्काराचा भंग झाला म्हणून सायमन यांच्यावर कडक टीकाही झाली. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. बहिष्काराचे समर्थक राजवटीची कोंडी करू पाहत होते. वादकांना आपला हात जगाला ऐकवावयाचा होता. साथीदाराच्या नावाचा प्रश्न राजकारणापासून अलग करता येत नाही, हे त्या वादाने स्पष्ट केले.

राबिन यांनी पुढे चित्रपटांसाठी विपुल पार्श्वसंगीत रचले. त्यांतील 'रिमेंबर द टायटन्स' हा २००० सालचा चित्रपट गोऱ्या व काळ्या विद्यार्थ्यांच्या मिश्र फुटबॉल संघाची कथा सांगतो. नोव्हेंबर २००८ मध्ये शिकागो येथे बराक ओबामा यांचे विजयाचे भाषण संपताच त्याच चित्रपटातील राबिन यांचे संगीत मैदानावर दुमदुमले. आणि २०१२ साली, दोन दशकांहून अधिक काळानंतर, त्यांनी नवी एकल ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा तिच्यात रॉक गीते नव्हती. जाझ-फ्यूजनकडे झुकणारे बहुतांशी शब्दहीन वाद्यसंगीत होते. तिचे नाव 'जॅकरांडा'. वसंतात जोहान्सबर्गचे रस्ते ज्या झाडांच्या जांभळ्या फुलांनी भरून जातात, त्या झाडांचे हे नाव. तिच्यातील रचनांना अॅनर्ली रोड, किलार्नी, मार्केट स्ट्रीट, झू लेक अशी त्याच शहरातील रस्त्यांची व ठिकाणांची नावे दिली आहेत.

साठीकडे झुकलेला वादक उमेदवारीच्या शहराकडे आणि उमेदवारीच्या संगीताकडे परतला, यात नवल नाही. पण त्या शहरातील त्या काळच्या तबकड्या आज पुन्हा प्रसिद्ध होत असताना, संग्राहक व अभ्यासक जुन्या वेष्टनांवर न छापलेली नावे ध्वनिमुद्रणगृहांच्या नोंदींतून व वृद्ध वादकांच्या आठवणींतून शोधून काढीत आहेत. बास कोणाची होती, सॅक्सोफोनच्या त्या चार मात्रा कोणी वाजवल्या, गिटारवर कोणता हात होता, हे एकेक करून लिहिले जात आहे. ते काम पुरे होईल तेव्हा राबिन यांचे नाव त्या यादीत असेल. आणि ते एका लांब यादीतील अनेक नावांपैकी एक असेल.